भावजींची खोली

गल्लीतले लोक म्हणतात, आम्ही भावजींना घरातून काढलं. काढलं म्हणे! हाताला धरून काढलं का? त्यांचे कपडे रस्त्यावर फेकले का? कुणाचा आवाज तरी चढला का त्या दिवशी? माणूस स्वतःच्या पायांनी, स्वतःची पिशवी घेऊन, फाटकाची कडी नीट लावून निघून जातो, त्याला काढणं म्हणतात होय? पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. म्हणून म्हटलं, एकदा सगळं मीच सांगते, म्हणजे नसते फाटे फुटायला नकोत.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. धंद्याने गवंडी, त्यातही गिलावा करणारे. भिंती आणि छतं, एवढंच त्यांचं जग. उंच, वाळलेले, मान खाली पण पाठ अशी ताठ, की गल्लीने त्यांचं नाव ठेवलं ओळंबा. भिंत सरळ उठतेय की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याला मी तर बक्षीस दिलं असतं. लग्नकार्यात, मयतीत, कुठेही गेले तरी कोपऱ्यात असे उभे राहायचे, की वाटावं कुणीतरी लटकवून ठेवलंय आणि न्यायला विसरलंय.

बोलणं जवळजवळ नाहीच. पण एक खोड होती. कुणाच्याही घरी गेले की बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. पोकळ वाजली की समजायचं, आतून गिलावा सुटलाय. अहो, समोर चहा ठेवलाय, यजमान बोलतोय, आणि हे आपले भिंतीला कान लावून! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा त्यांच्यासाठी सांगून आलेल्या मुलीकडची माणसं घर बघायला आली होती. तेव्हाही हाच प्रकार. मुलीचा बाप भिंतीला टेकून बसला, तर हे म्हणतात, "जरा पुढे सरका, तिथला भाग सुटलाय." मग मीच वातावरण हलकं करायला म्हटलं, "याच्यावर जाऊ नका हो, रात्री तर आमचे भावजी भिंतींशी गप्पा मारतात. तुमच्या मुलीला फारसं बोलावं लागणार नाही, बघा!" सगळे खो खो हसले. मुलीची मावशी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पुढे त्यांच्याकडून काही निरोपच आला नाही. मी आपली गंमत केली. गंमत कळत नसेल त्या घरची मुलगी आणून तरी काय करायचं होतं? नंतर कुणी परत त्या विषयात लक्षही घातलं नाही, आणि खरं सांगू का, मला बरंच वाटलं. दुसरी बाई आली की स्वयंपाकघरात रोज नवीन कुरबुर. कुणी सांगितलंय?

आता घराचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरून आहे. घर सासऱ्यांनी बांधलेलं. ते पण गवंडीच. पुढे दोन खोल्या, मधली एक, स्वयंपाकघर, आणि मागे अंगणाकडे दार असलेली एक खोली. ही मागची खोली नंतर वाढवलेली. सासऱ्यांनी आणि भावजींनी मिळून. लोक म्हणतात भावजींनीच बांधली, सासऱ्यांचे हात तेव्हा थरथरायचे. असेल. सकाळचं ऊन पहिलं तिथे यायचं, आणि न्हाणीघर लागूनच. घरातली सगळ्यात चांगली खोली, आणि तिच्यात हा एकटा जीव, एक खाट आणि खिळ्याला शर्ट. सासरे जाताना म्हणाले होते, घर थोरल्याचं, मागची खोली धाकट्याची. तोंडी म्हणाले होते. थोरला म्हणजे आमचे हे. मरताना माणूस काय, वाट्टेल ते बोलतो. सगळंच मनावर घेत बसलं तर संसार व्हायचे नाहीत.

मुलाचं लग्न ठरलं आणि व्याही पहिल्यांदा घरी आले. पुढच्या खोलीत बसवलं, चहा दिला. तेवढ्यात छताचा एक पोपडा सुटला तो थेट व्याह्यांच्या बशीत. काय सांगू! व्याही म्हणाले, "असू दे, असू दे," पण विहीणबाई वर छताकडे बघत राहिल्या त्या निघेपर्यंत. ती नजर मला अजून आठवते. त्याच संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, लग्नाआधी सगळ्या भिंती आणि छतं नवी झाली पाहिजेत. बाहेरचा माणूस कशाला, घरातच गवंडी बसलाय.

भावजी लगेच तयार. अहो, तयार कसले, खूश! बाहेरची कामं सोडून दिली. घरभर टकटक करत हिंडले. म्हणाले, "वहिनी, भिंती आतून ओल धरून बसल्यात. वरवर रंग मारून चालणार नाही. जुनं सगळं उतरवू." मग जरा घुटमळले. "शेवटी माझी खोली पण करू ना? छत सुटलंय तिथलं."

"करू की," मी म्हटलं. "तुमची शेवटी."

पहिला प्रश्न आला सामानाचा. एका खोलीचं काम काढायचं तर तिथली कपाटं, पलंग, गाद्या न्यायच्या कुठे? मी काही बोलायच्या आतच भावजी म्हणाले, "माझ्या खोलीत टाका." हे मी त्यांच्या तोंडी घालत नाही हं, त्यांचेच शब्द. "मला काय, मी कामाच्या खोलीतच झोपणार."

कारण ही त्यांची दुसरी खोड. ओलं काम एकटं सोडायचं नाही, असा त्यांचा नेम. ताजा गिलावा झाला की त्याला पाणी मारत राहावं लागतं, नाहीतर तडे जातात. ते तर दुसरेही करतात. पण भावजी त्या भिंतीच्या पायथ्याशीच अंथरूण टाकायचे. मधेच उठून तळवा लावून बघायचे, पाणी शिंपडायचे, परत आडवे. लोकांच्या घरी काम असलं तरी तसंच. म्हणूनच त्यांना कामं भरपूर मिळायची आणि घरच्यांना ते फारसे दिसायचे नाहीत. आता घरचंच काम, म्हणजे तर विचारायलाच नको.

तर त्यांच्या खोलीत पुढच्या खोलीचं सामान गेलं. ती खाट उभी करून भिंतीला लावली. शर्टांचा खिळा कपाटामागे गेला. पुढची खोली झाली तेव्हा मी म्हटलं, सामान परत आणायची घाई नको, नव्या भिंतींना ओरखडे पडतील. मग दुसरीचं सामान त्यावर चढलं, मग मधलीचं. भावजी आपले या खोलीतून त्या खोलीत, जिथे परांची बांधलेली असेल तिच्याखाली. स्वतःच्या खोलीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. माझं होतं.

काम मात्र जीव ओतून केलं, ते मी नाही म्हणणार नाही. जुना गिलावा खरवडून काढायचे तेव्हा घरात धूर झाल्यासारखी धूळ. छताचं तर फारच वाईट. परांचीवर उताणे पडून काम, आणि सगळं तोंडावर. चुना डोळ्यांत जाऊन डोळे लालबुंद. तसेच डोळे चोळत जेवायला यायचे. एक दिवस त्यांच्या ताटाभोवती वाळू सांडलेली बघून माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "भावजी, काम चालू आहे तोवर बाहेर पायरीवर बसाल का? रोज रोज कोण झाडणार?" ते ताट घेऊन पायरीवर गेले. मग न्हाणीघरातली मोरी सिमेंटने तुंबली, तेव्हा म्हटलं, अंघोळ अंगणातल्या नळावर करा. तीही तिकडे गेली. झालेल्या खोल्यांत पाय ठेवायचा नाही हा नियमही मीच केला, पायांना सिमेंट असतं म्हणून. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. उगाच कुणी कुणाला छळत नाही. आणि सवय लागली की माणसाला काही वाटत नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पुढे पुढे मी न सांगताच ताट दारातून घ्यायचे.

ह्यांना एकदा पुळका आला. "त्याच्या खोलीतलं सामान कधी काढायचं?" मी म्हटलं, "आधी मुलाचं लग्न उरकू दे. तुम्हाला उचलायचं असेल तर आत्ता उचला कपाट." कपाट उचलायचं म्हटल्यावर भावाचं प्रेम लगेच निवळलं. पेपर उघडून बसले.

मग मुलगा म्हणाला, "आई, मागची खोली आम्हाला दे. स्वतंत्र दार आहे, तिला पण मोकळं वाटेल." आता सांगा, यात काय चुकलं? नवं जोडपं पुढच्या खोलीत झोपवायचं का, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात? मी हो म्हटलं. भावजींना कोण सांगणार, यावर मात्र सगळ्यांनी तोंडात मूग धरले. मुलगा म्हणाला बाबांनी सांगावं, बाबा म्हणाले तुझ्या आईने सांगावं. शेवटी कुणीच सांगितलं नाही.

त्यांच्या खोलीची पाळी आली तशी सामान हळूहळू जागेवर गेलं आणि भावजी तिच्यात शिरले. इतकं खुशीत असलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गुणगुणत होते! आवाज म्हणजे भयंकरच, पण गुणगुणत होते. छताला नवी जाळी ठोकली, गिलावा असा गुळगुळीत केला की बाकीच्या खोल्या फिक्या पडल्या. खिडकीखाली एक छोटा कोनाडा ठेवला. मी विचारलं, "हे काय?" तर लाजून म्हणाले, "चष्मा ठेवायला. म्हातारपणी सापडत नाही." मी म्हटलं, छान.

रंगाची वेळ आली तेव्हा विचारायला आले. "वहिनी, पांढराच मारतो."

"पांढरा नको. फिका गुलाबी मारा."

ते हसले. "मला गुलाबी?"

भाजी निवडत होते, निवडत राहिले. हातात ब्रश घेऊन ते दारातच थांबले. म्हणाले, "पोरांना द्यायची म्हणता?"

"त्यांना स्वतंत्र दार हवंय. आणि तुम्हाला काय भावजी, तुम्हाला कुठेही झोप लागते. सगळ्या जगाला माहीत आहे."

"आणि मी?"

एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मला उत्तर द्यायचं होतं, खरंच. पण डोक्यात पत्रिका, आहेर, पाहुणे, नुसता गोंधळ. मी म्हटलं, "बघू ना. लग्न तर होऊ दे. घर काय पळून चाललंय?"

त्यांनी मान हलवली आणि जाऊन गुलाबी रंग मारला. तोही उत्तम मारला. कोनाडा मात्र बुजवून टाकला, भिंत सपाट केली. मी सांगितलं नव्हतं. उलट मला तर तो हवा होता, सूनबाईच्या आरशा-कंगव्याला.

लग्न व्याह्यांच्या गावी होतं. भावजी आले नाहीत. म्हणजे मीच म्हटलं, रंग ओला आहे, दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतील, घरी कुणीतरी हवंच. शिवाय त्यांच्या हातांच्या भेगांतून चुना निघत नव्हता, आणि फोटोंत ते हात... जाऊ दे. मुलाला म्हटलं, काकांना कामाची काळजी आहे, ते नाही म्हणतायत. व्याह्यांना सांगितलं, एक काका आहेत, परगावी असतात. उगाच कशाला खोलात शिरायचं.

नवरा-नवरीला घेऊन परतलो तेव्हा अंधार पडला होता. घर असं लखलखत होतं की मला भरून आलं. फरशा पुसलेल्या, अंगण धुतलेलं, परांचीचे बांबू बांधून कडेला. मागच्या खोलीचा पलंगही त्यांनीच घातला होता, वर नवी चादर. पाहुण्यांनी घर गच्च भरलं. पुढे बायका, मधे पुरुष, स्वयंपाकघरातसुद्धा दोन आत्या आडव्या झाल्या. मी या सगळ्यांत चहा, पाणी, उशा करत धावतेय, आणि भावजी अंगणातून मला खुणेने बोलावतायत. अंगावर तेच कामाचे कपडे, काखेत वळकटी.

"वहिनी, अंथरूण कुठे टाकू?"

तुम्हीच सांगा, ही वेळ होती का? माझ्या पायांचे तुकडे पडत होते. मी म्हटलं, "आता ते पण मीच सांगू का? बघा ना कुठेतरी!"

कुठेतरी बघा म्हटलं, तर ते खरंच बघायला गेले. आत जाऊन पिशवी घेऊन आले, फाटक लावलं आणि गेले. शेजारणीने पाहिलं म्हणे. मला वाटलं, येतील सकाळी चहाला. आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहुणे निघायचे होते, त्या धांदलीत शोधणार कोण? मग हे म्हणाले, तो येईल. मग म्हणाले, मोठा माणूस आहे. मग म्हणायचं बंद केलं. आणि खोटं कशाला बोलू, पायरीवर ताट न्यायचं एक काम कमी झालं म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला.

एवढ्यावर संपलं असतं. पण वरच्या टाकीचा पाइप गळायला लागला आणि मागच्या खोलीच्या छतावर ओलीचा डाग उमटला. सूनबाई झोपायची बरोबर त्याच्याखाली. बाहेरचे एक-दोघे येऊन बघून गेले. म्हणाले, सगळं छत उतरवावं लागेल. तेव्हा हे सकाळी उठून मजूर उभे राहतात त्या चौकात गेले. म्हणजे इतके दिवस ह्यांना ठाऊक होतं, भाऊ कुठे उभा असतो ते! मला कधी बोलले नाहीत. येऊन म्हणाले, "उद्या येईल तो." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः काहीतरी काम काढून लवकरच बाहेर पडले. मुलगा ऑफिसला. घरात मी आणि सूनबाई.

दार तिने उघडलं. "आई, छताचं काम करणारे आलेत."

मी बाहेर आले. भावजी उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे. आणखी वाळले होते. दाढी वाढलेली. पाठ तेवढी ताठ.

"ओळखीचे आहेत का आई?" सूनबाईने विचारलं.

आता मी काय सांगणार होते? हेच ते परगावचे काका म्हटलं, की पोर विचारणार, मग गावातच आहेत तर राहतात कुठे? घरी का येत नाहीत? ही कुणाची खोली? संध्याकाळपर्यंत माहेरी फोन. मी म्हटलं, "हो, आपले जुने कामगार आहेत. विश्वासू आहेत." बघा, विश्वासू म्हटलं मी. वाईट काही बोलले नाही.

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता फुटणार. पण ते तिच्याकडे वळून म्हणाले, "हो ताई. लहान होतो तेव्हापासून या घराचं काम करतोय."

वर चढले, पाइप नीट केला, ओला भाग तेवढाच उतरवला आणि नवा गिलावा चढवला. दुपारी सूनबाईने चहा केला. चांगल्या कपात ओतत होती, मी तो काढून कान तुटलेला पुढे केला. कामगारांना आपण यातच देतो, म्हटलं. तिने तो नेऊन दिला आणि स्वतः तिथेच पायरीवर टेकली. भारी बोलघेवडी पोर. मी आतून ऐकत होते.

"काका, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आहेत की. भाऊ आहे, वहिनी आहे, पुतण्या आहे. त्याचं आत्ताच लग्न झालं."

"अय्या! मग नवी सून कशी आहे?"

"चांगली आहे," भावजी म्हणाले. "चहा छान करते."

ती खळखळून हसली. आत मी पळी कढईत आपटली. इतका राग आला मला त्या माणसाचा! एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं, मी हिचा दीर आहे, ही माझी खोली आहे. भांडले असते, शिव्या दिल्या असत्या तर मीही चार शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. पण नाही. चहा प्यायला, कप नळावर विसळून पायरीवर उपडा ठेवला आणि काम आवरून गेले. गिलावा ओला होता, तरी थांबले नाहीत. सूनबाईला तेवढं सांगून गेले, सकाळ-संध्याकाळ पाणी मारा.

ती कप घेऊन आत आली. चेहरा अगदी खुललेला.

"आई, किती चांगली माणसं असतील हो त्यांच्या घरची! मी विचारलं, सगळे एकत्रच राहता का? तर म्हणाले, हो, एकाच घरात. वहिनींनी त्यांच्यासाठी मागची खोली राखून ठेवलीय म्हणे, ऊन येणारी."

मी म्हटलं, "कामगार लोक काहीही सांगतात. तू मनावर घेऊ नकोस."